लाईट आली तरी गप्प राहणारं मशीन

तुमच्या घरातलं कपाट ज्याने बनवलं, त्याच्या हाताला किती बोटं होती हे तुम्ही कधी पाहिलंत का?

सनमायका निवडायला तुम्ही तीन दुकानं फिरलात, ते आठवत असेल. मिस्त्री चार दिवस उशिरा आला होता, तेही आठवत असेल. बोटं आठवणार नाहीत. मला आठवतात, कारण मी सुताराची मुलगी आहे. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आलेल्या माणसाचं तोंड मी नंतर बघते, आधी हात बघते.

बाबा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फर्निचरच्या शेडमध्ये बावीस वर्षं होते. तिथल्या मिस्त्र्यांची भेटल्यावर बोलायची एक रीत होती. लग्नात, एसटी स्टँडवर, मासळीबाजारात, कुठेही दोघे समोरासमोर आले की एक विचारायचा, "किती?"

दुसरा सांगायचा, "साडेनऊ."

किंवा, "आठ, आणि एक वाकडं."

मग दोघेही मोठ्याने हसायचे आणि पुढच्या गप्पा सुरू व्हायच्या. बाबांना कोणी विचारलं की ते दोन्ही पंजे वर करून म्हणायचे, "दहा!" शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखं म्हणायचे. त्या शेडमधून दहाच्या दहा घेऊन बाहेर पडलेले ते एकटे होते. मला हे लहानपणी फार भारी वाटायचं. मोठी झाल्यावर वाटलं की ज्या कामात दहा बोटं असणं ही बढाई मारायची गोष्ट होते, त्या कामात काहीतरी फार चुकलेलं आहे.

शेड बंद झाल्यावर बाबांनी घरीच काम सुरू केलं. आमच्या घराच्या कडेला पडवी आहे, वर पत्रे, खाली जांभ्याचे चिरे. तिथे ते पाट, चौरंग, पोळपाट, देव्हारे करतात, कधी एखादी चौकट. लाकूड उभं फाडायला त्यांनी जो प्रकार केला होता तो आमच्याकडच्या अर्ध्याअधिक सुतारांकडे तुम्हाला सापडेल. हातात धरून चालवायचा गोल पात्याचा कटर घ्यायचा, तो पालथा करायचा आणि प्लायवूडच्या टेबलाला खालून स्क्रूने आवळायचा. टेबलाला चीर पाडायची, तिच्यातून पातं वर येतं. एकच अडचण राहते. कटरचं बटण बोटाने दाबून धरलं तरच तो फिरतो, आणि बोट तर टेबलाखाली पोचत नाही. म्हणून ते बटण तारेने कायमचं बांधून टाकायचं. चालू-बंद मग भिंतीवरून.

बोट निसटलं की पातं थांबावं, एवढ्यासाठी कोणीतरी डोकं चालवून ते बटण केलेलं असतं. आपण पंधरा सेंटिमीटर तारेत त्याचं डोकं बांधून टाकतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. सकाळी दहाच्या सुमारास लाईट गेली. आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नाही. बाबा सागाची पट्टी फाडत होते, ती अर्धी कापलेली, पातं तिच्यातच अडकून थांबलेलं. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं, कारण लाईट गेल्यावर बटण बंद करायचं कोणाला सुचतं? पात्याच्या शेजारी एक सालपट अडकलं होतं. बाबा वाकून ते दोन बोटांनी काढत बसले.

स्वयंपाकघराच्या दारातून आईने हाक मारली, "चहा घ्या, गार होतोय."

"आलो, आलो," बाबा म्हणाले आणि हलले नाहीत.

आई एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. ती कपबशी घेऊन थेट पडवीत आली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "धरा."

बाबांनी हात काढून कपबशी धरली आणि लाईट आली.

कटरने जी किंकाळी मारली ती मी माजघरात ऐकली. मी धावत बाहेर आले तेव्हा सागाची ती पट्टी बाबांच्या कमरेजवळून सुटून, मागीलदार ओलांडून, केळीच्या खुंटात वीतभर घुसली होती आणि अजून थरथरत होती. बाबा कपबशी घेऊन तसेच उभे. पातं एकटंच गरगर फिरत होतं.

आईने भिंतीवरचं बटण बंद केलं. मग पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "चहा कमी कर म्हणून रोज मलाच सांगता ना?"

"उद्यापास्नं दोन कप जास्त दे," बाबा म्हणाले. मग केळीकडे बघून, "बघ, सांडला नाय हां एक थेंब."

दोघं हसायला लागली. एवढी हसली की बाबांना खाली बसावं लागलं. मी हसले नाही. मी पक्कड आणली, टेबलाखाली सरपटले आणि ती तार तोडली.

"काय करतंस गो? माझं काम बंद पाडतंस?"

"हो. तुम्हाला खरं मशीन मिळेपर्यंत बंद. मी घेऊन देते."

"तू? मशीन? तुझं काम कागदाचं."

हे मात्र खरं होतं, आणि त्याबद्दल इथेच सांगून टाकते. आई रत्नागिरीत एका छापखान्यात घड्या घालायच्या आणि शिवायच्या कामाला होती. बिघडलेली पत्रकं ती घरी आणायची. माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला मच्छीमारांच्या मागण्यांचं कव्हर होतं, गणिताला दारूबंदीच्या आवाहनाचं, भूगोलाला कुठल्याशा नाट्यमंडळाच्या निमंत्रणाचं. मी वाचायला शिकले तीच "बंधू-भगिनींनो" या शब्दापासून. मागणीला आकडा पाहिजे आणि शेवटी उद्गारचिन्ह पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. पुढे मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. रस्त्यासाठी लिहिलं, पाण्याच्या टँकरसाठी लिहिलं, बाजारात बायकांसाठी मुतारी हवी म्हणून लिहिलं. ती मुतारी झाली. दार आतून लागत नाही, पण झाली. त्यामुळे कागदावर माझा विश्वास होता, आणि आहे.

मशीन घ्यायला मी बाबांना घेऊन शहरातल्या हत्यारांच्या दुकानांत फिरले. प्रत्येक ठिकाणी माझा एकच प्रश्न होता. "लाईट गेली आणि परत आली, तर हे आपोआप चालू होतं का?"

पहिल्या दुकानदाराने सांगितलं, "लाईट गेली तर वीज मंडळात फोन करायचा, ताई."

दुसरा म्हणाला, "होणारच ना. मिक्सरसुद्धा होतो."

"मिक्सरात आम्ही हात घालून बसत नाही."

"मग ह्यात तरी कशाला घालता?"

बाबांना हा दुकानदार फार आवडला. तिसऱ्याने प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "मशीन तुम्हाला पाहिजे की हिला?" बाबा म्हणाले, "पाहिजे मला. घेणार ती. आणि बोलणारपण तीच, त्याला माझा इलाज नाय."

शेवटी बाबांच्याच एका साडेनऊवाल्या मित्राने सांगितलं की पूर्णगडला एक चाचा आहेत. आखातात पंचवीस वर्षं सुतारकाम करून परत आलेत. त्यांच्याकडे चांगलं टेबल सॉ, म्हणजे टेबलातच बसवलेलं करवतीचं मशीन, आहे आणि गुडघ्यांमुळे आता त्यांना उभं राहवत नाही.

आम्ही गेलो. खाडीच्या वरच्या अंगाला घर, पुढच्या पडवीत जाळी दुरुस्तीला पसरलेली, आणि मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली झाकलेलं ते मशीन. चाचांनी चादर अशी अलगद ओढली की मला क्षणभर वाटलं खाली कोणीतरी झोपलंय.

"किती?" बाबांनी सवयीने विचारलं.

चाचांना ही रीत माहीत असायचं कारण नव्हतं, पण ते बाबांच्या हातांकडे बघून समजले. त्यांनी पंजे पसरले. "दस. अल्लाची मेहेरबानी, आणि फोरमनच्या शिव्या."

"शिव्या?"

"तिकडे गार्ड काढलं ना, की त्याच दिवशी घरी. पहिल्या वर्षी मी काढलेलं. लई शिव्या खाल्ल्या. वाटलं, हा माझ्या हाताला नावं ठेवतो. मग समजलं, हा माझी बोटं मोजतो."

मशीन लोखंडी टेबलाचं होतं, मधे पातं, पात्यावर पारदर्शक झाकण, ते म्हणजे गार्ड. पात्याच्या मागे एक पातळ पत्रा उभा होता. लाकूड फाटत जातं तसे त्याचे दोन भाग पुन्हा मिटून पात्याला धरू नयेत, म्हणून तो. आणि समोर दोन बटणं, हिरवं आणि लाल. मी माझा प्रश्न विचारला.

चाचा मशीनजवळ सरकले. त्यांनी मला हिरवं बटण दाबायला लावलं. पातं फिरू लागलं, सुरेख, एकसारखा आवाज. मग ते गुडघ्यावर हात ठेवत भिंतीपर्यंत गेले आणि मेन स्विच खाली केला. पातं मंद होत थांबलं. चाचांनी आमच्याकडे बघितलं, बोट वर केलं, आणि मेन पुन्हा वर केला.

समुद्राचा आवाज येत होता. बाहेर कोंबडी कुरकुरत होती. मशीन गप्प होतं.

"काय ऐकलंस, बेटी?"

"काहीच नाही."

"बस. मी तुला तेच विकतोय. बाकी सगळं लोखंड आहे."

किमतीची बोलणी मी करायची असं ठरवलं होतं, पण हे वाक्य ऐकल्यावर मला घासाघीस करायची लाज वाटली. बाबांना वाटली नाही. ते आणि चाचा अर्धा तास भांडले, मग दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. चाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं वाढलं आणि चादर आम्हाला मशीनसोबत देऊन टाकली.

टेम्पोतून मशीन वाडीत आलं तेव्हा वरात आल्यासारखी माणसं जमली. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत बावीस पायऱ्या आहेत. सहाजणांनी ते उचललं आणि साठजणांनी सूचना दिल्या. ठेवलं, तर ते डुगडुगायला लागलं. जांभ्याची जमीन कुठे सरळ असते? बाबा पाणसळ ठेवून, एक डोळा मिटून, तासभर चारही पायांशी खेळत होते.

त्या तासात मी माझं काम करत होते. मी एक पत्रक लिहिलं. "करवत चालवण्यापूर्वी हे वाचा!" अकरा कलमं. गार्ड काढू नये. पात्याच्या रेषेत उभं राहू नये. लाकूड शेवटच्या टप्प्यात हाताने नव्हे, काठीने ढकलावं. असं सगळं. आईने कडक कागद दिला, मी मोठ्या अक्षरात लिहून काढलं आणि मशीनसमोर भिंतीला चिकटवलं. हात धुऊन परत आले तर भिंत मोकळी.

"बाबा, कागद?"

"बसला बघ बरोब्बर," बाबा खुशीत म्हणाले. पत्रकाची चौपदरी घडी मशीनच्या डाव्या मागच्या पायाखाली होती. पाणसळीचा बुडबुडा अगदी मधोमध. "तुझ्या लिखाणाचा पयल्यांदाच असा उपयोग झाला, गो. अकरापेक्षा कमी लिवलं असतंस तर पातळ पडला असता."

माझ्या आयुष्यातलं सर्वात भक्कम पत्रक तेच, हे मी आता कबूल करते.

मग वाडीतला वायरमन आला. तो मिरजोळ्यालाच एका कारखान्यात असतो आणि संध्याकाळी वाडीची कामं करतो. त्याने मीटरपासून वेगळी लाईन ओढली, मोठा प्लग बसवला, अर्थिंग तपासलं. बाबांनी गुण्या लावून पातं काटकोनात आहे की नाही ते बघितलं, मग पात्याच्या पुढच्या दाताला खडूची खूण करून तोच दात मागे फिरवून टेबलाच्या खाचेपासूनचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, एक नट अर्धा आटा फिरवला, पुन्हा मोजलं. मी बाबांना काम करताना आयुष्यभर बघत आले, पण त्यांचा चेहरा असा मऊ झालेला मी क्वचित बघितला होता.

पहिला काप फणसाच्या फळीचा. फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. फळी पुढे सरकली आणि दोन भाग असे वेगळे झाले, जसं लाकूड मनातून तयारच होतं. कापलेल्या कडेवर बाबांनी अंगठा फिरवला. रंधा मारायचीही गरज नव्हती. त्यांच्या केसांवर, भुवयांवर, बनियनवर पिवळा भुसा पडला होता.

"हळद लागली तुम्हाला," आई दारातून म्हणाली. "आता नवरी कोण ते सांगा."

"ही काय," बाबांनी मशीनवर हात ठेवला. "बोलत नाय, चहासाठी हाका मारत नाय."

मग अचानक ते बाजूला सरले आणि मला म्हणाले, "ये. उभी ऱ्हा." त्यांनी मला काठी दिली, माझे खांदे धरून पात्याच्या रेषेतून एक पाऊल डावीकडे सरकवलं. माझं पाचवं कलम होतं ते. मी फळी फाडली. शब्दाने एखाद्या गोष्टीचे असे सरळ दोन तुकडे होत नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट चार वेळा गेली आणि चार वेळा आली. प्रत्येक वेळी बाबा फळी धरून उभे, आणि मशीन गप्प. प्रत्येक वेळी लाकूड मागे घ्यायचं, पुढे जाऊन हिरवं बटण दाबायचं, पुन्हा सुरू. चौथ्या वेळी त्यांनी काठी फेकली.

"हा काय मशीनचा नखरा? लाईट आली तरी म्हणतंय मला हात लाव, मला हात लाव."

"त्यासाठीच तर घेतलं, बाबा."

"उद्या वायरमनला बोलावतो. स्विच काढून डायरेक करून घेतो. भिंतीवरनं चालवीन, पयल्यासारखं."

मी जे बोलायचं ते बोलले. मी केळीकडे बोट दाखवलं. मी चाचांचं नाव काढलं. मी अकराही कलमं तोंडपाठ म्हटली. बाबांनी शेवटी एवढंच म्हटलं, "चाळीस वर्सं ह्या हातांनी लाकूड ओळखलं. आता मला मशीन सांगणार, कधी हात लाव नि कधी लावू नको?" आणि पंजे वर केले. दहा.

त्यांचा युक्तिवाद त्यांच्या हातातच होता. आणि तो एकदाच खोटा ठरला असता, पण त्या एकदासाठी मला थांबायचं नव्हतं.

त्या दुपारी शेजारचे आबा आले. आबा वाडीतले सर्वात वयस्कर, आणि वाडीत काहीही नवं आलं, रिक्षा असो की भाताचं मळणीयंत्र, त्याचं गाऱ्हाणं आबाच घालतात. नारळ ठेवतात, गावदेवाला सगळी हकीकत सांगतात, मागणं मागतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणतात.

"मशीन आलं, चाललंपण," आबा ओसरीवर बसत म्हणाले, "आणि गाऱ्हाणं नाय. तू नको म्हणालीस काय गो?"

मी म्हणालेच होते. विजेच्या मशीनचा आणि देवाचा काय संबंध, असं मी टेम्पोतून उतरतानाच जाहीर केलं होतं. मी तेच पुन्हा बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. माझ्या डोक्यात वाडी उभी राहिली, सगळी, एकत्र, मोठ्याने हो म्हणणारी. माझ्या कुठल्याही पत्रकाला एवढे लोक कधी हो म्हणाले नव्हते.

"आबा," मी म्हटलं, "घाला गाऱ्हाणं. पण त्यात माझ्या मागण्या घाला."

मी त्यांना कच्चा कागद दिला. आबांनी तो हातातही घेतला नाही. "देव कागद वाचत नाय. तोंडानं सांग."

मी अकराही सांगितल्या. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "अकरा मागण्या म्हंजे मोर्चा झाला. देव उठून जाईल. तीन ठेव."

"सगळ्याच महत्त्वाच्या आहेत."

"मग एकही लक्षात ऱ्हाणार नाय. तीन."

मला आजवर अनेकांनी लिहिणं शिकवायचा प्रयत्न केला आहे. अकराच्या तीन करताना आबांसमोर मी जेवढं शिकले तेवढं कुठेच शिकले नाही.

रविवारी सकाळी पडवीत वाडी जमली. बायका ओसरीवर, बापये खळ्यात, वायरमन खांबाला टेकून, बाबा नारळाशेजारी धुतलेला शर्ट घालून. मी मागे उभी राहिले. माझ्या तत्त्वांशी माझं मनातल्या मनात भांडण चालू होतं आणि मी हरत होते, पण मजेत हरत होते.

आबांनी घसा साफ केला. "बा गावदेवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज तुझ्या ह्या सुताराच्या घरात नवीन मशीन आलंय. ते तुझ्या पायाशी ठेवलंय!"

"व्हय महाराजा!"

"ह्याला कामाला कमी पडू देऊ नको, आणि गिऱ्हाइकाला पैशे द्यायची बुद्धी दे!"

हे माझ्या तिनांत नव्हतं. सगळ्यात मोठा "व्हय महाराजा" बाबांचा होता.

"जो कोण हितं उभा ऱ्हाईल, त्याची दाही बोटं दाहीच ऱ्हाऊ देत!"

"व्हय महाराजा!"

"पात्यावरचं झाकण कोण काढू नये, आणि लाकूड हातानं नाय, काठीनं ढकलू दे!"

"व्हय महाराजा!"

"लाईट गेली नि परत आली, तरी माणसानं हात लावल्याबिगर मशीन उठता नये!"

"व्हय महाराजा!"

माझी यादी संपली होती. आबांची नव्हती. त्यांनी एक श्वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतली मिश्किल चमक मी मागूनसुद्धा बघितली, शपथेवर सांगते. "आणि जो कोण ह्याचं बटण तारेनं बांधील, स्विच काढील, डायरेक करील, त्याच्या घरच्या आमटीला सात वर्सं मीठ लागता नये!"

खळ्यात क्षणभर हशा उसळला, आणि मग सगळे घशाच्या शिरा ताणून ओरडले, "व्हय महाराजा!" बाबाही ओरडले. सवयीने तोंडातून गेलं, आणि गेल्यावर त्यांनी आबांकडे असं बघितलं जसं बुद्धिबळात वजीर गेल्यावर माणूस बघतो.

शाप देणं मला पटत नाही. मी आबांना तसं नंतर सांगितलंही. ते म्हणाले, "शाप नाय गो तो. मसाला."

खोबरं वाटून झालं, माणसं पांगली. बाबा हळूच वायरमनच्या जवळ गेले. मी ओसरीवर ताटं गोळा करत होते, सगळं ऐकू येत होतं.

"संध्याकाळी येतोस ना रे? त्या स्विचचं बोललो होतो ते."

वायरमनने खोबऱ्याचा तुकडा गालात एका बाजूला सरकवला. "काका, मी नाय."

"का?"

"मीपण व्हय म्हटलंय."

"अरे, ते म्हणायचं असतं!"

"मग तुम्ही दुसरा वायरमन बघा, ज्यानं म्हटलं नसंल. आमच्या घरात आमटीवरनं आधीच भांडणं हायत."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग आबांकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. मी ताटं मोजण्याचं सोंग करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता, तो वाटेतच कुठेतरी फिरला, आणि ते हसायला लागले. खदखदून, चहाच्या दिवसासारखे, खाली बसून. "सगळी वाडी फितवलीस की गो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून लाईट गेली की बाबा लाकूड मागे घेतात आणि आली की हिरवं बटण दाबतात. कुरकुर करतात, पण दाबतात. आईने त्यावरही उपाय काढला आहे. लाईट जाईल तेवढ्या वेळा ती चहा ठेवते, आणि हल्ली बाबाच लाईट गेल्यावर स्वयंपाकघराकडे आशेने बघतात. शेडमधले त्यांचे जुने सोबती मशीन बघायला येतात. बाबा आधी त्यांना काप दाखवतात, मग मेन खाली करतात, वर करतात, आणि गप्प मशीनकडे बोट दाखवून उभे राहतात, जसं काही ते त्यांनीच शोधून काढलं. गेल्या महिन्यात त्यातल्या दोघांनी घरी जाऊन आपापल्या कटरच्या तारा सोडल्या. तिसरा अजून विचार करतोय. बाबा त्याला रोज फोन करतात.

आता तुमच्याकडे येते. मी आणि बाबा सगळ्या सुतारांपर्यंत पोचू शकत नाही, आणि त्यांनी आमचं का ऐकावं? पण तुमचं ते ऐकतील, कारण काम तुम्ही देता. तुमच्या घरात पुढचं दार, पुढचा पलंग, पुढचं देवघर ज्याच्याकडून करून घ्याल, त्याच्या जागेवर एकदा जा. लाकडाचा नमुना बघायच्या आधी टेबलाखाली वाका. कटरचं बटण तारेने बांधलेलं दिसलं, तर भाषण करू नका, पत्रक देऊ नका. एवढंच म्हणा, "ही तार सोडा, मग माझं माप घ्या." आणि तो सोडेपर्यंत तिथून हलू नका.